महागडा कॅमेरा ऐनवेळी हँग होतो, आणि सर्व्हिस सेंटर म्हणतं ‘दोष नाही’

प्रश्न : मी सोलापुरात लग्नाच्या ऑर्डरी घेतो. गेल्या वर्षी कर्ज काढून दोन लाखांच्या वर किमतीची मिररलेस बॉडी (म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा) पुण्यातून पक्क्या बिलावर घेतली. सलग फोटो काढताना मधेच स्क्रीन काळी पडते, एकही बटण चालत नाही, बॅटरी काढून परत घालावी लागते. जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत, संमती कट्ट्याजवळ अक्षता पडत असताना हे झालं. मे महिन्यात एका लग्नात शेवटच्या मंगलाष्टकाला पुन्हा तेच. सर्व्हिस सेंटरने दोनदा ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून परत पाठवला. दुकानदार म्हणतो, आपल्याकडच्या धुळीनं होतंय. विकून दुसऱ्या कंपनीचा घेऊ का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : विकू नका, निदान आत्ता तरी नाही. वॉरंटी चालू असलेला कॅमेरा पडत्या भावात काढून टाकलात तर नुकसान तुमचं आणि सुटका त्यांची.

दुकानदाराचं धुळीचं कारण मला पटत नाही. होम मैदानावर गड्ड्यात उडणारी धूळ मीही वर्षानुवर्षं कॅमेऱ्यांतून झाडत आलोय. ती सेन्सरवर, म्हणजे आतल्या फोटो टिपणाऱ्या भागावर, बसली की फोटोत ठिपके येतात. लेन्सचं छिद्र लहान करून, एफ १६ वर, मोकळ्या आभाळाचा फोटो काढा, लगेच दिसतील. डायल कडक होतात, खरखरतात. लेन्स आणि बॉडी जिथे जुळते तिथल्या सोनेरी पिना मळल्या तर मात्र कॅमेरा अडू शकतो, म्हणून त्या कोरड्या मऊ फडक्यानं पुसून बघा. तेवढ्यानं थांबलं नाही तर धुळीचा विषय संपला.

दुसरं कारण ते उन्हाचं सांगतील, आणि त्यात थोडं तथ्य आहे. बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत वापराचं तापमान शून्य ते ४० अंश असं छापलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा त्याच्या वर जातो. पत्र्याच्या मांडवात, वर व्हिडिओचे दिवे, हातात काळी बॉडी, मग काय होणार? म्हणूनच तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट मला गड्ड्याची वाटते. जानेवारीत सोलापुरात ४० अंश नसतात. त्या दिवशीचे फोटो जपून ठेवा, त्यांच्यावर तारीख-वेळ असतेच. उन्हाची सबब त्या फोटोंनी खोडून निघते.

आता दोष पकडायचा कसा? सर्व्हिस सेंटरमध्ये टेबलावर, एसीत, त्यांची लेन्स आणि त्यांचं कार्ड घालून थोडा वेळ तपासतात. असा अधूनमधून येणारा दोष तिथे दिसतच नाही. तेव्हा घरी एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी कार्ड: बाजारात नकली कार्डांचा सुळसुळाट आहे आणि सलग फोटोंच्या वेळी तीच पहिली दगा देतात. मग बॅटरी, बाहेरची घेतली असेल तर कंपनीची घालून बघा. मग लेन्स. प्रत्येक वेळी सलग फोटो काढत राहा आणि शेजारी मोबाइल स्टँडला लावून व्हिडिओ सुरू ठेवा. स्क्रीन काळी पडलेली, बटण दाबूनही काही होत नाही, हे त्यात दिसलं पाहिजे. पुढच्या वेळी बॉडी एकटी पाठवू नका. तीच लेन्स, तीच बॅटरी, तेच कार्ड सोबत द्या. जॉब शीटवर, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या दुरुस्तीच्या कागदावर, दोष तुमच्या शब्दांत लिहून घ्या आणि व्हिडिओ ई-मेलनं पाठवा. तोंडी बोलण्याचा उपयोग नाही.

एवढं महागडं यंत्र बिघडतंच कसं, हा तुमचा संताप मी समजू शकतो. पण किमतीनं चांगला सेन्सर आणि वेग मिळतो, निर्दोषपणाची हमी नाही. निकॉनचा डी ६०० हा २०१२ सालचा फुलफ्रेम कॅमेरा. त्याच्या सेन्सरवर डाग साठायचे. वापरणाऱ्यांनी फोटो एकामागोमाग लावून डाग कसे वाढत जातात ते दाखवलं, आणि २०१४ मध्ये कंपनीनं वॉरंटी संपलेल्यांनाही सफाई आणि गरज पडल्यास शटर फुकट बदलून द्यायचं मान्य केलं. लायकाच्या एम ९ ची किंमत तर आपल्याकडे कित्येक लाखांत; त्याच्या सेन्सरवरची काच गंजायला लागली आणि सेन्सरच बदलून द्यावे लागले. त्यामुळे कंपनी बदलून तुमचा प्रश्न सुटेल असं मी म्हणणार नाही.

तिसऱ्यांदाही ‘दोष नाही’ म्हणून परत आला, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, नंतर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानं तुम्ही राहता तिथे, म्हणजे सोलापुरातच, तक्रार करता येते. पुण्याला खेटे घालायची गरज नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. ‘तुम्ही धंद्यासाठी घेतला, तुम्ही ग्राहक नव्हे’ असं कोणी म्हणालं तर ऐकून गप्प बसू नका: स्वयंरोजगारातून निव्वळ पोट भरण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू कायदा ग्राहकाचीच मानतो. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. बिल, दोन्ही जॉब शीट आणि कर्जाचे कागद एका फाइलीत लावायला आजच घ्या.

लग्नसराई तोंडावर असेल तर दुसरी बॉडी भाड्यानं घ्या आणि गळ्यात दोन्ही ठेवा. कार्डाचे दोन स्लॉट असतील तर दोन्हींवर एकाच वेळी फोटो उतरतील अशी सेटिंग करा. फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर, नवीन आलं असेल तर जरूर टाका, पण हळदीच्या आदल्या रात्री नको. आधी आठवडाभर वापरून बघा.