शिकण्यापुरती जुनी गाडी, भाव मात्र नव्याच्या आसपास
वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

प्रश्न : शिकायला १२५ सीसीची जुनी मोटरसायकल शोधतोय. चार-पाच वर्षं वापरलेल्या गाडीलाही लोक नव्याच्या पाऊणपट पैसे सांगतात. तेवढ्याच पैशात दहा वर्षांची ६०० सीसीची गाडी मिळते. लहान इंजिनाला एवढा भाव कशाचा?

उत्तर : भाव इंजिनाचा नाही, परवान्याच्या नियमाचा आहे. ब्रिटनमध्ये सीबीटी हे प्राथमिक प्रशिक्षण घेतलेल्या शिकाऊला एल-प्लेट लावून जास्तीत जास्त १२५ सीसी आणि ११ किलोवॅटची गाडी चालवता येते. युरोपीय संघाच्या ए-१ परवान्याचीही मर्यादा तीच, म्हणजे सुमारे १५ अश्वशक्ती. ऑस्ट्रेलियात 'लॅम्स' योजनेखाली नवख्याला ६६० सीसीपर्यंत मुभा आहे, पण चालकाचे ९० किलो धरून टनामागे १५० किलोवॅटपेक्षा जास्त ताकद चालत नाही. असा नियम असला की दरवर्षी नवख्यांची एक फळी त्याच मोजक्या मॉडेलांच्या मागे लागते. वर्षभराने त्यातले बरेच जण मोठ्या गाडीकडे वळतात आणि स्वतः चढ्या भावाने घेतलेली गाडी तेवढ्यालाच विकायला काढतात. जिथे सीसीचं बंधन नाही, तिथेही वजन, विमा आणि घरच्यांचा धाक हेच काम करतात.

जुनी ६०० स्वस्त दिसते, कारण तिला गिऱ्हाईक कमी आणि खर्च जास्त. रुंद टायर, पुढे दोन डिस्क, चार सिलिंडरचे टॅपेट (व्हॉल्व्हच्या फटी) जुळवणं, वर विमा. घेताना वाचलेले पैसे पहिल्या मोठ्या सर्व्हिसिंगमध्येच जातात.

आणखी एक. सांगितलेला भाव आणि ठरलेला भाव या दोन वेगळ्या गोष्टी. रास्त किमतीची गाडी चार दिवसांत विकली जाते आणि तिची जाहिरात दिसेनाशी होते. अवाच्या सवा किंमत लावलेली महिनोन्महिने तिथेच राहते. म्हणून कुठल्याही दिवशी जाहिराती पाहा, सरासरी फुगलेलीच दिसणार. एकाच मॉडेलच्या, एकाच सालाच्या दहा-बारा गाड्या वहीत टिपा. तीन-चार आठवडे दर आठवड्याला पुन्हा बघा. कुठली लवकर गेली, कुठलीचा आकडा खाली आला, कुठली जागची हलली नाही. लवकर गेलेल्यांच्या आसपास खरा भाव असतो.

प्रश्न : एवढा भाव द्यायचा तर सरळ नवीनच का घेऊ नये?

उत्तर : कधी कधी तेच शहाणपणाचं असतं. फक्त तुलना शोरूमच्या किमतीशी नको, नोंदणी आणि विम्यासकट गाडी रस्त्यावर यायला जे पडतात त्याच्याशी करा. बघायचा आकडा असा : घेण्याची किंमत, अधिक लगेच लागणारा खर्च, वजा वर्षभराने विकून हाती येणारे पैसे.

समजा नवीन गाडी १०० ला रस्त्यावर आली आणि वर्षाने ७८ ला गेली. खर्च २२. जुनी ७० ला घेतली, टायर-चेन-बॅटरीवर ८ घातले आणि ६६ ला विकली, तर खर्च १२. पण तीच जुनी ८५ ला घेतली, ८ घातले आणि विकताना ७० आले, तर खर्च २३. वर वॉरंटी नाही. आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमचे तुम्ही भरा. आमचा कल असा, की लगेचचा खर्च धरून जुनी गाडी नव्याच्या ८० टक्क्यांवर जात असेल तर नवीन घ्यावी. अपवाद एकच, नव्या गाडीसाठी कर्ज काढावं लागणार असेल तर त्याचं व्याजही २२ मध्ये मिळवून मग ठरवा.

याच्या उलट बाजूलाही एक गोष्ट आहे. शिकताना गाडी एकदा तरी आडवी होतेच, आणि नव्या गाडीवरचा पहिला ओरखडा सगळ्यात महाग पडतो. जुनीवर आधीच दोन असतील तर तिसऱ्याने भावात फारसा फरक पडत नाही.

प्रश्न : गाडी पाहायला जाताना मेकॅनिक सोबत नसेल, तर निदान काय काय तपासावं?

उत्तर : जाण्याआधी फोनवर एकच सांगा : आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर आधी इंजिनच्या कव्हरला हात लावा. गरम लागलं तर गार गाडी सुरू व्हायला त्रास देत असण्याची शक्यता धरा आणि ती गार होईपर्यंत बाकीचं बघा.

शिकाऊंच्या हातून गेलेल्या गाडीची दुखणी ठरलेली असतात. पहिलं क्लच. नवखा अर्धा क्लच दाबून गाडी रेटतो, त्यात प्लेटा जळतात. चालवून बघताना चौथ्या किंवा पाचव्या गियरमध्ये कमी वेगावर थ्रॉटल झटकन पूर्ण उघडा. आवाज चढला आणि वेग चढला नाही, तर क्लच घसरतोय. पण लगेच प्लेटांवर ठपका ठेवू नका. लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिलिमीटर मोकळी हालचाल आहे का ते आधी बघा. केबल फार घट्ट बसवलेली असली तरी क्लच घसरतो आणि ते दोन मिनिटांत दुरुस्त होतं. तिसरं कारण तेल. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच इंजिनच्याच तेलात बुडालेला असतो. घर्षण कमी करणारं मोटारीचं तेल घातलं की तो सुटतो. बाटलीवर 'जासो एमए' किंवा 'एमए-२' असं लिहिलेलं तेलच हवं.

दुसरं दुखणं दुसऱ्या गियरचं. पहिल्यातून दुसऱ्यात अर्धवट टाकलेल्या गियरने आतले दात गोल होतात. दुसऱ्यात जोर देऊन पळवा, मग थ्रॉटल सोडा, पुन्हा द्या. गियर निसटून न्यूट्रलमध्ये आला तर तिथूनच परत फिरा. त्यासाठी इंजिन पूर्ण उघडावं लागतं आणि लहान गाडीत तो खर्च कुठल्याच सवलतीत बसत नाही.

तिसरं तेल. या इंजिनांत तेल असतं साधारण एक लिटर. त्यातलं पाव लिटर जळलं किंवा गळलं तर चौथा हिस्सा गेला, आणि कॅम, पिस्टन त्याची किंमत मोजतात. गाडी सरळ उभी करून पातळी बघा. गार सुरुवातीला पांढरी वाफ निघाली तर हरकत नाही. गरम झाल्यावर निळा धूर नको. थ्रॉटल देताना तो आला तर संशय रिंग-पिस्टनवर, उतारावर थ्रॉटल सोडून पुन्हा देताना भपका आला तर व्हॉल्व्हच्या सीलवर. टॅपेटची हलकी एकसारखी टिकटिक चालेल. खालून येणारा जड ठोका चालणार नाही.

मग चाकांकडे या. मागच्या स्प्रॉकेटच्या (चेन फिरते त्या दातेरी चकतीच्या) अगदी मागच्या टोकाला चेन बोटांनी मागे ओढा. दात अर्ध्याहून अधिक उघडे पडले, किंवा ते हुकासारखे वळलेले दिसले, तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदलावे लागतील. नुसती चेन बदलली तर जुने दात नवी चेन खातात. टायरच्या कडेला चार आकडे असतात. ३१२० म्हणजे २०२० सालचा ३१ वा आठवडा. नक्षी कितीही भरलेली दिसो, सहा-सात वर्षांचं रबर टणक झालेलं असतं आणि ओल्या रस्त्यावर धरत नाही. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. काठाला बोट फिरवून कड लागली तर ती जाडी मोजून घ्या.

पुढचं चाक उचलून हँडल हळूच इकडून तिकडे फिरवा. मधोमध खाच लागल्यासारखं अडलं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेलाय. शॉकअपच्या चकचकीत नळीवर तेलाची रिंग असेल तर सील बदलण्याचा खर्च. नळीलाच गंजाचे खड्डे असतील तर नवं सील टिकणार नाही. शेवटी मल्टिमीटर. गाडी रात्रभर बंद असेल तर बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा हवा आणि इंजिन चढवल्यावर १३.५ ते १४.५. त्याच्या खाली राहिला तर चार्जिंगचा भाग बिघडलेला, वर गेला तर रेग्युलेटर.

फ्रेमवरचा नंबर कागदावरच्या नंबराशी स्वतः वाचून जुळवा. कर्जाचा बोजा उतरल्याची नोंद बघा. यात संकोच नको.

प्रश्न : आवडलेल्या गाडीच्या एका बाजूला चरे आहेत आणि हँडल किंचित तिरकं वाटतं. विकणारा म्हणतो उभ्या उभ्या पडली होती. विश्वास ठेवावा का?

उत्तर : खुणा बघून ठरवा, शब्दांवरून नको. उभ्या जागी पडलेल्या गाडीचे घाव लिव्हरचं टोक, हँडलचं टोक, आरसा, इंडिकेटर, फुटरेस्टचं टोक आणि इंजिनच्या कव्हरचा फुगवटा एवढ्यावरच असतात. ते भावात सूट मागण्यापुरते. चरे लांब, एकाच दिशेने ओढलेले असतील तर गाडी घसरत गेली आहे. हँडल पूर्ण वळवल्यावर जिथे अडतं, तो फ्रेमवरचा लोखंडी उंचवटा चेपलेला किंवा तिथला रंग तडकलेला असेल तर पुढून धडक बसली आहे, आणि मग किंमत कितीही उतरली तरी गाडी सोडा.

तिरकं हँडल मात्र फसवं असतं. बऱ्याचदा शॉकअप वाकलेले नसतात, क्लॅम्पमध्ये फक्त फिरलेले असतात. खालच्या क्लॅम्पचे बोल्ट आणि अ‍ॅक्सल ढिले करायचे, पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल सरळ करायचं, शॉकअप दोन-तीनदा दाबायचे आणि सगळं कसायचं. यात एकही पार्ट लागत नाही. त्यानंतरही शॉकअप दाबताना अडकत असतील तर नळी वाकलेली आहे.

प्रश्न : सात वर्षांची गाडी, फक्त २,००० किलोमीटर चाललेली. विकणारा त्यासाठी जास्त पैसे मागतो. योग्य आहे का?

उत्तर : नाही. पळालेली गाडी झिजते, पण उभी गाडी सडते. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सुकून त्याचा चिकट थर बसतो आणि सगळ्यात बारीक भोकाचा पायलट जेट आधी बुजतो. खूण अशी : गाडी चोकवर चालते, चोक काढला की बंद पडते. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओलावा ओढतं, म्हणून टाकीत टॉर्चच्या उजेडात डोकावून गंज बघा. टायर सात वर्षांचेच, ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं ते बहुधा कंपनीतून आलेलंच, बॅटरी मेलेली. कार्बोरेटर साफसफाई, दोन टायर, बॅटरी, दोन्ही तेलं, कदाचित शॉकअपचे सील, एवढा खर्च आधीच धरा. त्यापेक्षा बिलं जपून ठेवलेली १८,००० किलोमीटरची गाडी आम्ही आधी घेऊ.

आणि मीटरवर २,००० असताना फुटरेस्टचं रबर गुळगुळीत, गियर लिव्हरची खरखर पुसलेली आणि सीट दबलेली दिसली, तर मीटर खोटं बोलतंय.

प्रश्न : घासाघीस कितीपासून सुरू करावी?

उत्तर : टक्केवारीपासून नको. 'वीस टक्के कमी करा' म्हटलं की विकणारा 'दुसरं गिऱ्हाईक येतंय' म्हणतो, आणि शिकाऊ गाडीच्या बाबतीत ते बहुधा खरंही असतं. पाहणीत सापडलेल्या पार्टांची त्या दिवशीची किंमत आणि मजुरी कागदावर लिहा, बेरीज करा आणि ती वजा करून आकडा सांगा. झिजलेल्या चेनसेटवर वाद घालता येत नाही. जिथे कडक हिवाळा असतो तिथे हंगाम संपताना बघा. वसंतात हेच विकणारे ऐकून घेत नाहीत.

प्रश्न : एकाने १२५ च्या गाडीत मोठा सिलिंडर बसवलाय. कागदावर १२५ च आहे. ताकद जास्त, भावही थोडाच जास्त. घ्यावी?

उत्तर : नको. जिथे परवान्याला १२५ ची मर्यादा आहे तिथे तुम्ही विनापरवाना ठरता आणि अपघातात विमा कंपनी हात वर करते. क्लच आणि क्रँक मूळ ताकदीचेच राहतात ते वेगळंच.

प्रश्न : वर्षभरात परत विकायची आहे. भाव टिकवायला काय करू?

उत्तर : घेतल्या दिवशीच मूळ आरसे, लिव्हर, इंडिकेटर काढून कापडात गुंडाळून ठेवा आणि स्वस्तातले बसवा. विकायच्या आदल्या दिवशी मूळचे परत लावा. क्रॅश गार्ड बसवा, इंजिनच्या कव्हरवरचे घाव त्याने वाचतात. वेगळा सायलेन्सर, स्टिकर, रंग यांवर खर्च करू नका. पुढच्या शिकाऊला मूळ गाडीच हवी असते. तेल वेळेवर बदला आणि तारीख, किलोमीटर लिहिलेली बिलं एका पाकिटात ठेवा. दोन्ही किल्ल्या सांभाळा. टायर संपत आले असतील तर विकण्याआधी नवे घालू नका, त्याचे पूर्ण पैसे परत येत नाहीत. चेन मात्र साफ करून, तेल देऊन, मॅन्युअलमधल्या मापाला ताणून ठेवा. बहुतेक लहान गाड्यांत खालच्या बाजूला मधोमध २५ ते ३५ मिलिमीटर सैल लागते, आणि ती चाक फिरवत तीन-चार ठिकाणी तपासायची. एकीकडे घट्ट, एकीकडे सैल लागली तर चेन संपली आहे. तसं असेल तर विकताना आपणहून सांगा आणि तेवढे पैसे स्वतःच कमी करा.