आई-बाबांना वॉशिंग्टनहून कलोनियल विल्यम्सबर्ग दाखवायला न्यावं का? की तिथलं सगळं नकली आहे?

न्या की. व्हर्जिनिया राज्यातलं हे अठराव्या शतकातलं गाव आता जिवंत संग्रहालय म्हणून जपलंय. फक्त 'जाता जाता उरकू' म्हणून नको. गाडीने एका बाजूलाच अडीच-तीन तास जातात. रात्री तिथेच मुक्काम केलेला बरा.

'सगळं नकली' हे अर्धं खरं. १६९९ ते १७८० हे गाव व्हर्जिनियाची राजधानी होतं. राजधानी रिचमंडला गेली आणि गावाची रया गेली. १९२६ पासून तेलसम्राट रॉकफेलरच्या मुलाच्या पैशांतून जीर्णोद्धार सुरू झाला. ८९ इमारती मूळच्या, बाकीच्या नव्याने उभारलेल्या. गव्हर्नरचा वाडा तर १७८१ मध्येच जळाला. आज दिसतो तो १९३४ सालचा.

पण मला विचाराल तर इमारतींपेक्षा कारागिरांपाशी थांबा. लोहार, पिंपं करणारे, छापखानेवाले जुन्याच पद्धतीने काम करतात आणि हात चालू ठेवून बोलतात. वीटवाल्यांकडे उन्हाळ्यात खड्ड्यातली माती तुडवायला पाहुण्यांनाही उतरू देतात. आमचे बाबा तासगावचे. विजार गुडघ्यापर्यंत दुमडून उतरले आणि तिथल्या पोराला चक्क मराठीत म्हणाले, "अरे, पाणी कमी पडतंय." पोरगा बादली घेऊन आला!

विटा, खिळे बघून हरखून जातानाच हेही विचारा की तेव्हा ही कामं कोण करायचं. १७७५ च्या सुमारास गावातले निम्म्याहून जास्त लोक काळे होते, त्यातले बहुतेक गुलाम. तिथले लोक हे आडपडदा न ठेवता सांगतात. काळ्या मुलांसाठी १७६० मध्ये काढलेल्या ब्रे शाळेची मूळ इमारतही आता तिथे आणून ठेवली आहे.

वेळ उरला तर वीसेक मिनिटांवर यॉर्कटाउन आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, १७८१ मध्ये, ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिसची फौज इथे शरण आली. हाच पुढे गव्हर्नर जनरल होऊन आपल्याकडे आला. १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणला टिपूविरुद्ध त्याच्या बाजूने कोण होतं? पेशव्यांचे सरदार हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन. तासगावच्या गणपतीचं देऊळ बांधणारे तेच परशुरामभाऊ. हे कळल्यावर बाबा तिथल्या तोफांपासून हलेनात.

मुख्य रस्त्यावर फिरायला पैसे पडत नाहीत, तिकीट लागतं ते इमारतींच्या आत जायला. रस्ता जवळपास मैलभर आहे, जुलैत घामाच्या धारा लागतात. आईंना चप्पल नको, बूटच घालायला सांगा.