आकडेवारी वाचताना पंचांग जवळ ठेव

प्रिय पोरी,

राज्याच्या अर्थव्यवस्थेवर लिहिलेला तुझा बातमीचा मजकूर दोनदा वाचला. भाषा सरळ आहे, बोजड शब्द नाहीत, ते आवडलं. पण तिसऱ्या परिच्छेदात ‘जानेवारी ते मार्च तिमाहीत महाराष्ट्राचा विकासदर’ असं म्हणून जो आकडा टाकलास, तो आणलास कुठून? माझा अंदाज सांगतो. देशाचा तिमाही दर घेतलास, आर्थिक पाहणीत राज्याची वाढ देशापेक्षा जरा जास्त दिसली, तेवढी भर घातलीस. हिशेब म्हणून चुकीचा वाटत नाही, पण बातमी म्हणून तो खोटा आहे.

तिमाही आकडा राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय काढतं, तो अख्ख्या देशाचा. आंध्र प्रदेशासारखं एखादं राज्य स्वतःचा तिमाही अंदाज काढतं. आपल्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचा अंदाज येतो तो वर्षाचा, मार्चमध्ये अर्थसंकल्पाच्या तोंडावर पाहणी मांडतात त्यात. २०२४-२५ साठी राज्याची वाढ ७.३ टक्के आणि देशाची ६.५ टक्के लिहिली होती. दोन्ही पूर्वानुमानं, म्हणजे वर्ष संपायच्या आत बांधलेली. तो फरक चार तिमाह्यांत सारखा वाटून टाकता येत नाही. आपल्याकडे साखर कारखान्यांची धुराडी दिवाळीच्या आसपास पेटतात आणि मार्चनंतर विझायला लागतात. त्या गाळपाचा वाटा तू एप्रिल-जूनच्या पदरात कसा घालणार?

मग राज्याबद्दल लिहायचं काय? जे खरोखर महिन्याच्या महिन्याला मोजलं जातं ते. वाहनांची नोंदणी, जीएसटी, महालेखाकारांकडून येणारा राज्याचा मासिक जमाखर्च. त्यात जीएसटी जपून वापर. चाकणला बनलेली गाडी पाटण्याला विकली गेली तर कर भरणारा इथला असतो आणि राज्याच्या वाट्याचा कर जातो बिहारला. इथे जमा झालेला सगळा कर म्हणजे इथल्या लोकांनी केलेली खरेदी नव्हे.

दुचाक्यांच्या नोंदणीवरून गावाकडची मागणी मोजायची तुझी कल्पना मला पटली. २०२३-२४ आणि २०२४-२५ शेजारी ठेवणार आहेस म्हणतेस. ठेव, पण आधी भिंतीवरचं कालनिर्णय काढ, जुनी सुद्धा. गुढीपाडवा २०२२ साली २ एप्रिलला होता. २०२३ साली २२ मार्चला, २०२४ साली ९ एप्रिलला, २०२५ साली ३० मार्चला. आता हे दिवस आर्थिक वर्षांत बसवून बघ. २०२२-२३ मध्ये दोन पाडवे आले. २०२३-२४ मध्ये एकही नाही. २०२४-२५ मध्ये पुन्हा दोन! सगळी अधिक महिन्याची करामत. ज्या राज्यात माणूस गाडी आणि सोनं मुहूर्तावर घेतो, तिथे बिनपाडव्याच्या वर्षाची दोन पाडव्यांच्या वर्षाशी तुलना करून ‘ग्रामीण मागणी परतली’ असं छापायचं म्हणजे धाडसच.

एखाद्या पाडव्याला सकाळी तालुक्याच्या गावातल्या शोरूमवर जाऊन उभी राहा. गाड्या ओळीत लावलेल्या, झेंडूचे हार, हँडलला लिंबू-मिरची, आजी ओवाळायला आलेली. ग्राहक बुलेटवर बसून फोटो काढतो आणि घेऊन जातो शंभर सीसीची. कागदपत्रं मात्र आदल्या आठवड्यातच उरकलेली असतात, पासिंग झालेलं असतं, मुहूर्तावर फक्त चावी हातात येते. म्हणजे खरेदी पाडव्याची असली तरी आरटीओतली नोंद त्याच्या आधीची. त्यामुळे एकटा मार्च कधीच उचलू नकोस.

नवरात्राचंही तेच. २०२४ साली घटस्थापना ३ ऑक्टोबरला होती, २०२५ साली २२ सप्टेंबरला. पूर्वी ऑक्टोबर-डिसेंबरमध्ये पडलेली खरेदी सरकून जुलै-सप्टेंबरमध्ये आली, आणि त्याच २२ सप्टेंबरला जीएसटीचे कमी केलेले दर लागू झाले. दर उतरणार हे पंधरा ऑगस्टलाच कळल्यामुळे लोक हात आखडून बसले होते, मध्ये पितृपक्षही होता. त्या तिमाहीत देशाची वाढ ८.२ टक्के जाहीर झाली, लोकांचा उपभोग खर्च ७.९ टक्क्यांनी वाढलेला. त्यातलं देवीचं किती आणि जीएसटी परिषदेचं किती, हे वेगळं करून दाखवणारा कुणी भेटला तर मला जरूर कळव.

तुला शिकवतोय खरा, पण मीही तोंडावर आपटलेलो आहे. ३१ ऑगस्ट २०२१. गोपाळकाल्याचा दिवस, पण दहीहंडीला परवानगी नव्हती. संध्याकाळी आकडा आला: एप्रिल-जून तिमाहीत वाढ २०.१ टक्के. मी घाईत मथळा दिला, ‘अर्थव्यवस्थेची वीस टक्क्यांची झेप’. दुसऱ्या दिवशी एका वाचकाचा फोन. किराणा दुकानदार. म्हणाला, “साहेब, कोरोनाच्या आधी पस्तीस होतं, टाळेबंदीत सत्तावीस झालं, आता बत्तीस झालंय. याला तुमच्यात झेप म्हणतात का?” मला वाटलं गडी दुकानाचा गल्ला सांगतोय. तो माझ्याच बातमीतल्या चौकटीतून वाचत होता. देशाचं एकूण उत्पादन, स्थिर किमतींना (म्हणजे महागाई वगळून): २०१९ च्या त्याच तिमाहीत ३५ लाख कोटींच्या वर, २०२० मध्ये सुमारे २७ लाख कोटी, २०२१ मध्ये ३२.३८ लाख कोटी. चौकट मीच केलेली, आणि मथळा देताना मीच ती वाचली नव्हती. तेव्हापासून टक्क्याच्या आधी रक्कम बघतो.

खर्चाचा भाग तू फार उरकलास, आणि तिथेच तर खरी गंमत आहे. ‘मार्चमध्ये राज्याच्या भांडवली खर्चाने जोर धरला’ म्हणतेस. अगं, तो दरवर्षीच धरतो. ३१ मार्चच्या रात्री कुठल्याही जिल्ह्याच्या कोषागारात डोकावून ये. प्रिंटर तापलेले, टेबलावर गार झालेले वडापाव, आणि दर दोन मिनिटांनी एकच प्रश्न: “बीडीएस (निधी वाटपाची संगणकी मंजुरी) निघाला का?” निधी लॅप्स होऊ नये म्हणून बिलं घुसवायची धडपड. पैसे मार्चमध्ये खर्ची पडले म्हणून रस्ता मार्चमध्ये झाला असं होत नाही. कुठे काम जानेवारीतच उरकलेलं असतं, कुठे डांबर पडता पडता दिवाळी उजाडते. कोषागाराचा खर्च आणि तिमाहीतलं उत्पादन या दोन वेगळ्या वह्या आहेत.

लाडकी बहीण योजनेवर तू एक ओळ लिहिलीस: ‘सरकारी खर्च वाढल्याने विकासदराला हातभार’. ही ओळ काढच. जुलै २०२४ मध्ये ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या (अर्थसंकल्पानंतर मागितलेला जादा निधी) आल्या, त्यात या योजनेचा मोठा वाटा होता. राज्याच्या जमाखर्चात हे पैसे खर्च म्हणून लागतात. पण राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात ते सरकारी उपभोगात धरत नाहीत, कारण सरकारने त्या पैशात काहीच विकत घेतलेलं नाही, ते फक्त एका हातातून दुसऱ्या हातात गेले. त्या दीड हजारातून बाईने तेलाचा डबा आणला, पोराला दप्तर घेतलं, की मग ते लोकांच्या उपभोगात मोजले जातात. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींनी पहिले दोन हप्ते बचत गटाचं कर्ज फेडायला वापरले. ते विकासदरात कुठेच आले नाहीत. डोक्यावरचं ओझं मात्र उतरलं, आणि त्याच्यावर लिहायला तुला विकासदराची गरज नाही.

आणखी एक, थोडक्यात. ८.२ टक्क्यांच्या त्याच तिमाहीत चालू किमतींची, म्हणजे महागाई न वगळता मोजलेली, वाढ होती ८.७ टक्के. महागाईचा वाटा जेमतेम अर्धा टक्का. कर गोळा होतो चालू किमतींवर, त्यामुळे मथळ्यात आठ टक्के झळकत असले तरी अर्थ खात्यातला माणूस हुरळून जात नाही. आणि पहिला आकडा अखेरचा समजू नकोस. २०२४ च्या जुलै-सप्टेंबरचे ५.४ पुढे ५.६ झाले. आता तर पायाभूत वर्षच (ज्या वर्षाच्या किमती धरून हिशेब होतो ते) २०११-१२ वरून २०२२-२३ वर नेलंय, तेव्हा जुन्या मालिकेतला आकडा नव्या मालिकेतल्या आकड्याला जोडायचा मोह आवर.

तर तिसरा परिच्छेद काढ, लाडक्या बहिणीची ओळ काढ, आणि नोंदणीचे आकडे फेब्रुवारी, मार्च, एप्रिल असे तिन्ही महिन्यांचे एकत्र घे, चार वर्षांचे. शोरूमवाल्याशी बोलशील तेव्हा पाडव्याच्या डिलिव्हरीचं विचारू नकोस, बुकिंगची वही मागून बघ. देतात ते, चहा घ्यायला थांबलीस तर. शुक्रवारपर्यंत पाठव, शनिवारी मी गावाला चाललोय.

तुझा,
काका