फ्लॉरेन्सचा दंड, नाशिकचा पत्ता

प्रश्न : मी आणि माझे पती गेल्या वर्षी इटलीला गेलो होतो. रोमला भाड्याची गाडी घेऊन सिएना, फ्लॉरेन्स, पिसा असे फिरलो. गाडीचे बुकिंग माझ्या नावावर होते, पण गाडी बहुतेक वेळ पतीच चालवत होते. परतल्यावर काही महिन्यांनी गाडीच्या कंपनीने माझ्या क्रेडिट कार्डावरून दोनदा पैसे कापले. आता नाशिकच्या घरी फ्लॉरेन्स आणि पिसा येथून दंडाच्या दोन नोटिसा आल्या आहेत. फ्लॉरेन्सला आमचे हॉटेल जुन्या शहरातच होते आणि गाडीचा नंबर रिसेप्शनवर दिल्याचे मला स्पष्ट आठवते. पैसे एकदा कापले गेले असताना पुन्हा दंड का भरायचा? आणि भरलाच नाही तर?

उत्तर : ताई, कार्डावरून कापले गेले तो दंड नव्हे. तुमचे नाव-पत्ता पोलिसांना कळवल्याबद्दल गाडीच्या कंपनीने घेतलेले ते शुल्क आहे. आपण न वाचता सही करतो त्या करारात याचे कलम बहुधा असतेच. तुमची प्रत काढून पाहा. कलम नसेल तर बँकेकडे लेखी तक्रार करा. बुकिंग भारतीय पोर्टलवरून झाले असेल आणि हे शुल्क तिथे दडवले असेल, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार नाशिकच्याच जिल्हा आयोगात दाद मागता येते. त्याला मुदत दोन वर्षांची.

आता नोटिसा. इटलीतल्या जुन्या शहरांच्या गाभ्यात ठरावीक वेळी फक्त परवानगी असलेल्या गाड्यांनाच प्रवेश असतो. या क्षेत्राला तिथे झेडटीएल म्हणतात. वेशीवरचा कॅमेरा नंबरप्लेट टिपतो. कोणी शिट्टी वाजवत नाही, अडवत नाही, म्हणून आत शिरल्याचे पर्यटकाला कळतही नाही. ‘नकाशाच्या अ‍ॅपने तिकडून नेले’ हा बचाव चालत नाही. उशिराचा मुद्दाही बहुधा टिकणार नाही. परदेशात राहणाऱ्याला नोटीस पाठवायला ३६० दिवसांची मुदत आहे, आणि तुमच्यासारख्या प्रकरणात ती कंपनीने तुमचे नाव कळवल्यापासून मोजतात.

पिसाची नोटीस भरून टाका. किमान दंड ८३ युरो, वर टपाल आणि कारवाईचा खर्च. नोटीस हातात पडल्यापासून पाच दिवसांत भरला तर ३० टक्के सूट मिळते. हे उत्तर छापून येईपर्यंत ते दिवस उलटलेले असतील, पण ६० दिवसांच्या आत नक्की भरा. त्यानंतर रक्कम जवळपास दुप्पट होते. पत्रावर पालिकेऐवजी एखाद्या वसुली कंपनीचे नाव असले तरी बिचकू नका, तिथल्या पालिका हे काम बाहेर देतात. मात्र तारीख, वेळ, गाडीचा नंबर आपल्या प्रवासाशी ताडून मगच पैसे पाठवा.

फ्लॉरेन्सचे प्रकरण मात्र लढण्यासारखे आहे. तिथे हद्दीतल्या हॉटेलात उतरणाऱ्या पाहुण्याच्या गाडीचा नंबर हॉटेलने प्रशासनाला कळवला, तर हॉटेलपर्यंत जायची मुभा मिळते. रिसेप्शनवर तुम्ही नंबर सांगितलात हे पुरेसे नाही. त्यांनी तो पुढे पाठवला का, हा खरा प्रश्न आहे. आजच हॉटेलला ईमेल करा आणि नंबर कोणत्या तारखेला कळवला याचे त्यांच्या लेटरहेडवर पत्र मागा. नोटिशीतली वेळ तुम्ही हॉटेलात पोहोचलात त्या दिवसाची असेल तर उत्तमच. पत्र मिळाले की बुकिंगची पावती जोडून ६० दिवसांच्या आत प्रीफेक्टकडे, म्हणजे तिथल्या सरकारी प्रतिनिधीकडे, हरकत नोंदवा. अर्ज इटालियनमध्ये हवा, सही तुमची, आणि पोचपावतीच्या रजिस्टर टपालाने पाठवायचा. फी नाही. पण हरकत फेटाळली गेली तर किमान दंडाच्या दुपटीहून कमी आकारणी होत नाही. म्हणून हॉटेल गप्प बसले किंवा ‘विसरलो’ म्हणाले, तर हरकतीच्या भानगडीत पडू नका. आणि दंड एकदा भरलात की हरकतीचा हक्क संपतो, हेही लक्षात असू द्या.

‘गाडी मी नव्हे, पती चालवत होते’ हे मात्र हरकतीत लिहू नका. भाडेकरार तुमच्या नावावर असल्याने दंडाची जबाबदारी तुमच्यावरही येतेच, त्यामुळे या वाक्याने काही सुटत नाही. उलट पतींचे नाव करारात ‘अतिरिक्त चालक’ म्हणून लिहिलेले नसेल, तर करार मोडल्याचा पुरावा तुम्हीच लिहून द्याल.

राहिला न भरण्याचा प्रश्न. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४-अ खाली परदेशी हुकूमनाम्याची इथे अंमलबजावणी होऊ शकते, पण ती परस्पर मान्यता असलेल्या देशांपुरती. इटली त्यात नाही. शिवाय दंडाची रक्कम त्या कलमातून स्पष्टपणे वगळली आहे. म्हणजे बेलिफ तुमच्या दारात येणार नाही. शेंगेन व्हिसा नाकारण्याच्या कारणांच्या यादीतही थकीत वाहतूक दंड असे स्वतंत्र कारण नाही. तरी पिसाची थकबाकी तिथल्या दप्तरी वाढत राहते, वसुलीची पत्रे येत राहतात आणि तुम्हा दोघांना पुन्हा इटलीला जायचे असेल तर ते लोढणे गळ्यात राहील. ८३ युरोंसाठी एवढे ओझे बाळगावे असे मला वाटत नाही. फ्लॉरेन्सच्या नोटिशीबाबत मात्र हॉटेलचे उत्तर येईपर्यंत एक पैसाही पाठवू नका. फक्त ६० दिवस कधी संपतात ती तारीख कॅलेंडरवर मांडून ठेवा.