शेलेफ्तेओतील घर: किंमत उतरली म्हणून आत्ताच घ्यावे का?

सप्रेम नमस्कार,

आपल्या पत्रातील परिस्थिती अशी आहे. स्वीडनच्या उत्तरेकडील शेलेफ्तेओ या गावी आपण, आपले पती आणि नऊ वर्षांची मुलगी २०२० पासून राहत आहात आणि कायमचा निवास परवाना हाती आहे. पती नॉर्थव्होल्टच्या बॅटरी कारखान्यात देखभाल अभियंता होते. तो कारखाना २०२५ मध्ये बुडाल्यावर त्यांची नोकरी गेली आणि सध्या ते रॉनशेरच्या धातू-शुद्धीकरण कारखान्यात एका कंत्राटदाराकडे वर्षभराच्या करारावर काम करतात. आपण स्वतः रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत कायम नोकरीत असून आपल्या हातात दरमहा सुमारे २९,५०० क्रोना येतात. गावातील १९७२ सालचे एक घर ३० लाख क्रोनांना मिळत आहे, जे सध्याच्या मालकाने २०२२ मध्ये ३६ लाखांना घेतले होते. बँक किमतीच्या ८५ टक्के कर्ज द्यायला तयार आहे आणि उरलेले साडेचार लाख क्रोना पुण्याजवळच्या मोशीचा फ्लॅट विकून उभे करावेत, असा आपला विचार आहे.

माझे मत आधीच सांगतो: हे घर, या रचनेने, मोशीचा फ्लॅट विकून, पतींच्या करारावरच्या नोकरीच्या काळात घेऊ नये. घर घेण्याला माझा विरोध नाही आणि आपण त्या गावी स्थिरावू नये असेही मी म्हणत नाही. अडचण घराच्या किमतीत नसून ती किंमत कशावर उभी आहे, यात आहे.

उत्तर स्वीडनमध्ये गेल्या दहा वर्षांत जे भांडवल आले, ते प्रामुख्याने विजेसाठी आले. तिथल्या नद्यांवरची जलविद्युत मुबलक आणि वस्ती विरळ, त्यामुळे २०११ मध्ये देशाचे चार वीजदर विभाग झाल्यापासून उत्तरेकडील दोन विभागांत वीज बहुतेक वेळा दक्षिणेपेक्षा स्वस्त राहिली आहे. फेसबुकने २०१३ मध्ये लुलेओला माहिती केंद्र सुरू केले. पोलाद कंपनी एसएसएबी, लोहखनिजाची खाण कंपनी एलकेएबी आणि वीज कंपनी वॅटनफॉल यांनी २०१६ पासून कोळशाऐवजी हायड्रोजन वापरून पोलाद बनवण्याचा प्रकल्प हाती घेतला. आणि २०१७ मध्ये नॉर्थव्होल्टने आपल्या मोठ्या कारखान्यासाठी शेलेफ्तेओची निवड केली. डिसेंबर २०२१ मध्ये तिथे पहिली बॅटरी तयार झाली. त्यानंतरच्या दोन-अडीच वर्षांत गावात घर मिळणे किती कठीण झाले होते, हे आपण स्वतः अनुभवले आहे. आपल्या घराच्या सध्याच्या मालकाने ३६ लाख मोजले ते त्याच काळात.

पुढचा घटनाक्रम आपल्याला ठाऊक आहे, पण घराच्या हिशोबासाठी त्याचा वेग लक्षात घ्यायला हवा. जून २०२४ मध्ये बीएमडब्ल्यूने नॉर्थव्होल्टकडे नोंदवलेली सुमारे दोन अब्ज युरोची बॅटऱ्यांची मागणी मागे घेतली, सप्टेंबरमध्ये स्वीडनमधील १,६०० नोकऱ्या कमी करण्याची घोषणा झाली, नोव्हेंबरमध्ये कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरी संरक्षण मागितले आणि १२ मार्च २०२५ रोजी स्वीडनमध्येही दिवाळखोरी जाहीर केली. मोठी मागणी हातातून जाण्यापासून दिवाळखोरीपर्यंत पुरते नऊ-दहा महिनेही लागले नाहीत. आपले गृहकर्ज मात्र काही दशकांचे असेल.

आपण लिहिता की ऑगस्ट २०२५ मध्ये लायटेन या अमेरिकी कंपनीने नॉर्थव्होल्टची स्वीडनमधील मालमत्ता घेण्याचा करार जाहीर केला, त्यामुळे किमती पुन्हा चढण्याआधी घर घेतलेले बरे. आशा बाळगायला हरकत नाही, परंतु करार जाहीर होणे आणि हजारो लोकांचे पगार दरमहा खात्यात जमा होणे यांत फार अंतर असते. उत्तरेतच बूदेनला हायड्रोजनवर पोलाद बनवण्याचा कारखाना उभारणाऱ्या स्टेग्राला २०२५ च्या शरद ऋतूत आणखी भांडवल शोधावे लागले. किरूनाजवळ दुर्मिळ मृदा धातूंचा मोठा साठा असल्याचे एलकेएबीने जानेवारी २०२३ मध्ये जाहीर केले, तेव्हाच प्रत्यक्ष खाणकामाला दहा ते पंधरा वर्षे लागू शकतात, असेही सांगितले होते. या भागाला हा अनुभव नवा नाही. लुलेओला सरकारी पोलाद कारखान्याचा प्रचंड विस्तार करायचे १९७४ मध्ये ठरले, लोक आणि घरे त्या हिशोबाने आखली गेली, आणि १९७६ मध्ये तो बेत रद्द झाला.

याचा अर्थ गाव ओसाड पडेल असा अजिबात नाही. शेलेफ्तेओच्या परिसरात सोने १९२४ मध्ये सापडले आणि त्यातून बोलीडेन कंपनी वाढली; रॉनशेरचा कारखाना १९३० पासून चालू आहे आणि जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंतून धातू काढण्यासाठी जगात ओळखला जातो. जून २०२३ मध्ये तिथला विद्युत-अपघटन विभाग आगीत नष्ट झाला, तरी कंपनीने तो नव्याने बांधण्याचा निर्णय घेतला. असा जुना, पाय रोवलेला उद्योग गावात आहे, ही मोठी जमेची बाजू आहे. मात्र पतींचे काम कारखाना चालवण्याचे आहे की बांधकामापुरते, हे करारात नीट वाचा. बांधकाम संपले की कंत्राटदाराचे लोक पुढच्या जागी जातात.

आता घराचा मासिक हिशोब. कर्ज साडेपंचवीस लाख क्रोना, व्याजदर ३.२ टक्के. वर्षाचे व्याज ८१,६०० क्रोना होते. त्यावर ३० टक्के करसवलत धरली तर निव्वळ व्याज महिन्याला सुमारे ४,७६० क्रोना पडते. कर्ज किमतीच्या ७० टक्क्यांहून जास्त असल्याने दरवर्षी किमान २ टक्के मुद्दल फेडावेच लागते, म्हणजे दरमहा ४,२५०. घर गरम ठेवणे, पाणी, विमा, मालमत्ता शुल्क आणि दुरुस्ती यांसाठी आपण ५,००० धरले आहेत; पन्नास वर्षे जुन्या, तळघर असलेल्या घरासाठी मी ६,५०० धरेन. एकूण १५,५१० क्रोना झाले. आपले सध्याचे भाडे ९,८०० आहे.

इथे घराच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. मुद्दलाचा हप्ता हा खर्च नसून बचत आहे. तो बाजूला काढला तर घराचा खरा खर्च सुमारे ११,२६० होतो, म्हणजे भाड्यापेक्षा महिन्याला दीड हजारच जास्त. अंगण, मुलीला स्वतःची खोली आणि शाळेतील मैत्रिणींचा शेजार यांसाठी दीड हजार क्रोना ही अवाजवी किंमत नव्हे. पतींची नोकरी कायम असती, तर इथेच मी होकार दिला असता.

पण हाच हिशोब फक्त आपल्या एकटीच्या पगारावर करून पाहा. २९,५०० मधून घराचे १५,५०० आणि आपण लिहिलेले किराणा, प्रवास, कपडे, विमा वगैरेंचे १३,००० वजा केले, तर हजार क्रोना उरतात. व्याजदर दोन टक्क्यांनी चढला, तर करसवलत धरूनही महिन्याला सुमारे ३,००० जास्त जातील आणि तोंडमिळवणी होणार नाही. अशी चढण अशक्य नाही: स्वीडनच्या मध्यवर्ती बँकेचा दर २०२२ च्या सुरुवातीला शून्य होता आणि २०२३ मध्ये ४ टक्क्यांवर गेला होता. भाड्याच्या घरात मात्र त्याच एका पगारातून ६,७०० उरतात.

शिवाय गंगाजळीचा प्रश्न आहे. आपल्याकडे १ लाख १० हजार क्रोना शिल्लक आहेत. घराची मालकी नोंदवण्याचे मुद्रांक शुल्क किमतीच्या दीड टक्का, म्हणजे ४५,००० होईल. घरावर आधीची गहाणपत्रे, म्हणजे कर्जासाठी घर तारण ठेवल्याच्या नोंदी, १८ लाखांची आहेत, त्यामुळे वाढीव साडेसात लाखांवर २ टक्के म्हणजे आणखी १५,००० जातील. उरलेल्या ५०,००० मध्ये आपल्या कुटुंबाचे दोन महिनेही निघणार नाहीत.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. साखर कारखान्यावर चालणाऱ्या तालुक्याच्या गावात कारखाना बंद पडला, की कामगाराचा पगार, दुकानदाराचा गल्ला आणि प्लॉटचा भाव एकाच हंगामात खाली येतात. शेलेफ्तेओचेही तसेच आहे. पतींची नोकरी ज्या कारणाने जाईल, त्याच कारणाने घराची किंमत उतरेल आणि गिऱ्हाईकही मिळेनासे होईल. समजा पाच वर्षांनी घर साडेपंचवीस लाखांना विकावे लागले. तोवर कर्ज २२ लाख ९५ हजार उरलेले असेल, दलालाचे अंदाजे ७०,००० जातील आणि आपल्या हातात १ लाख ८५ हजार क्रोना येतील. आपण घातलेले मात्र सुरुवातीचे साडेचार लाख, शुल्काचे ६० हजार आणि फेडलेले मुद्दल २ लाख ५५ हजार, म्हणजे एकूण ७ लाख ६५ हजार असतील. पाच लाख ८० हजारांचा हा तोटा, आपण धरलेल्या ९ रुपयांच्या दराने, सुमारे ५२ लाख रुपयांचा आहे. किंमत त्याहून खाली गेली आणि कर्ज फिटले नाही, तर उरलेले देणे घर गेल्यावरही आपल्याच नावावर राहते. उलट किंमत १५ टक्क्यांनी चढली, तर नफ्यावरचा २२ टक्के कर भरून हातात सुमारे १० लाख १५ हजार येतील, म्हणजे घातलेल्या रकमेवर अडीच लाखांचा फायदा. अडीच लाखांसाठी पावणेसहा लाखांची जोखीम, आणि तीही नोकरी गेलेली असताना, हा व्यवहार मला आतबट्ट्याचा वाटतो.

सध्याच्या मालकाचे सहा लाख बुडाले म्हणून आपले सहा लाख वाचले, असे आपण लिहिले आहे. ३६ लाख हा आकडा बॅटरी कारखान्याच्या भरतीच्या काळातला होता. तो घराचा खरा भाव समजून त्यावरून सूट मोजू नका. नॉर्थव्होल्ट येण्याआधी, २०१५-१६ च्या सुमारास त्याच भागातील तशा घरांचे व्यवहार कितीला झाले, हे शोधून काढा. माझ्या दृष्टीने तुलनेचा आकडा तो आहे.

मोशीच्या फ्लॅटबद्दलही माझे मत आपल्यापेक्षा वेगळे आहे. २०१६ मध्ये ४१ लाख रुपयांना घेतलेल्या त्या फ्लॅटचे आज ६२ लाख येतात आणि भाडे १७,००० आहे, म्हणजे वर्षाला साधारण सव्वातीन टक्के. केवळ उत्पन्न पाहिले तर हे आकर्षक नाही. परंतु शेलेफ्तेओत काहीही घडले तरी ज्याच्या किमतीवर परिणाम होणार नाही, अशी आपली ही एकमेव मोठी मालमत्ता आहे, आणि ती विकून आलेला पैसा आपण नेमका शेलेफ्तेओतच गुंतवू पाहता. कधी विकायचा ठरवलाच, तर हे ध्यानात ठेवा: आपण अनिवासी असल्याने खरेदीदाराला विक्रीच्या पूर्ण रकमेवर कर कापावा लागतो, जो आठ ते नऊ लाख रुपयांच्या घरात जाईल. प्रत्यक्ष देय कर मात्र २१ लाखांच्या नफ्यावर साडेबारा टक्के आणि उपकर मिळून पावणेतीन लाखांच्या आसपास आहे. यासाठी व्यवहाराआधीच आयकर खात्याकडून कमी दराने करकपातीचे प्रमाणपत्र घ्यावे, नाहीतर फरकाची रक्कम परताव्यापर्यंत अडकून पडते. हा नफा स्वीडनच्या विवरणपत्रातही दाखवावा लागेल. तिथे भारतात भरलेल्या कराची वजावट मागता येते.

भाड्याच्या घराचा आणखी एक फायदा आपल्या पत्रात आलेला नाही. पतींना लुलेओ, बूदेन किंवा किरूना इथून बोलावणे आले, तर तीन महिन्यांची सूचना देऊन घर सोडता येते. देखभाल अभियंत्याला उत्तरेतल्या खाणी आणि धातू कारखान्यांत मागणी आहे, मात्र ती एका गावात टिकून राहीलच असे नाही. लुलेओ आपल्या गावापासून सुमारे १३० किलोमीटर आहे. किनाऱ्याने जाणारा नवा रेल्वेमार्ग पूर्ण होईपर्यंत तिथे रोज ये-जा करणे, विशेषतः हिवाळ्यात, व्यवहार्य नाही.

तेव्हा माझा सल्ला असा. पतींना कायम नोकरी मिळून तिचा सुरुवातीचा परीक्षाकाळ संपेपर्यंत भाड्यानेच राहा. घराच्या हप्त्याची तयारी म्हणून भाडे आणि १५,५०० यांतील फरकाचे ५,७०० क्रोना दरमहा वेगळ्या खात्यात टाका. वर्षाला ६८,००० साठतील आणि एवढा भार आपल्याला पेलतो का, हेही कळेल. बेरोजगारी विमा निधीचे पतींचे सदस्यत्व करार बदलताना खंडित होऊ देऊ नका, आणि कामगार संघटनेमार्फत मिळणारा पूरक उत्पन्न विमा नसेल तर तो घ्या. सहा महिन्यांच्या खर्चाची गंगाजळी, म्हणजे सुमारे १ लाख ७० हजार क्रोना, घराच्या पैशांपासून वेगळी जमली पाहिजे.

आपलेच घर हवे ही ओढ मी समजू शकतो, विशेषतः हजारो किलोमीटरचे मोठे स्थलांतर करून एका धक्क्यातून सावरलेल्या कुटुंबाची. वर्षभर थांबणे अगदीच नको वाटत असेल, तर ज्याचा हप्ता, देखभाल आणि बाकी सारे मिळून महिन्याचा खर्च ११,००० क्रोनांच्या आत बसेल, असे लहान घर किंवा सहकारी संस्थेतील सदनिका पाहा आणि सुरुवातीची रक्कम मोशीला हात न लावता उभी करा. सदनिका पाहताना संस्थेवर स्वतःचे कर्ज किती आहे ते वार्षिक अहवालात तपासा, कारण ते कर्ज जास्त असेल तर मासिक शुल्क वाढत जाते. तळघर असलेले घर पाहिलेत, तर भिंतींबाहेरची निचरा व्यवस्था शेवटची कधी बदलली, याचा लेखी पुरावा विक्रेत्याकडून मागा. स्वीडनमध्ये घर नीट तपासण्याची जबाबदारी खरेदीदाराची असते, आणि वर्षानुवर्षांच्या बर्फाच्या पाण्याने ओल धरलेले तळघर कोरडे करण्याचा खर्च वरच्या कोणत्याही हिशोबात मी धरलेला नाही.