बंदुकीचा परवाना मिळाला, आता शिकारीचा कुठे मिळतो?

सैन्यात शस्त्र प्रशिक्षक म्हणून बरीच वर्षं काढली आणि निवृत्तीनंतर कोकणात शेतकऱ्यांना बंदूक हाताळायला शिकवतो. त्यामुळे प्रश्न येत राहतात. काही प्रश्न इतक्या जणांनी विचारलेत, की एकदाच सविस्तर लिहिलेलं बरं.

वडील गेले. शेती संरक्षणाची बारा बोअर एकनळी त्यांच्या नावावर होती. ती माझ्या नावावर कशी करायची? तोवर माळ्यावर राहू दिली तर चालेल ना? (कुडाळ)

नाही चालणार. परवाना माणसाचा असतो, घराण्याचा नाही. वडील गेले त्या दिवशी परवानाही संपला. आता घरातली बंदूक विनापरवाना आहे, मग ती आजोबांपासूनची का असेना. शस्त्र अधिनियम, १९५९ मधलं २१वं कलम सांगतं, की अशी बंदूक विनाकारण वेळ न घालवता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करायची. दिवसकार्यं आटोपली की पहिलं काम हेच. जाण्याआधी ठाण्यात फोन करून कळवा. एक पोरगा अशीच वडिलांची बंदूक गोणपाटात गुंडाळून एसटीने निघाला होता, आणि वाटेत कंडक्टरने विचारलं तेव्हा कागद दाखवायला त्याच्याकडे काही नव्हतं. जमा केल्याची पावती घ्या. नळीवरचा नंबर स्वतः वाचा आणि पावतीवरचा त्याच्याशी ताडून बघा. एक आकडा चुकला तरी परत घेताना सहा महिने जातात.

मग वारस म्हणून नवीन परवान्याचा अर्ज. वय २१ पूर्ण हवं. अर्ज ए-१ नमुन्यात, 'एनडाल-एलिस' या ऑनलाइन प्रणालीवर. सोबत मृत्यूचा दाखला, वडिलांचा मूळ परवाना, बाकीच्या वारसांचं ना हरकत, सातबारा, डॉक्टरचा दाखला, आणि शस्त्र सुरक्षा प्रशिक्षणाचं एस-१ प्रमाणपत्र. पोलिसांचा अहवाल गेला की निर्णय जिल्हाधिकारी घेतात, आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्त. २०१९च्या दुरुस्तीपासून परवाना पाच वर्षांचा झाला आणि एका माणसाला जास्तीत जास्त दोनच शस्त्रं ठेवता येतात.

ज्यांचे वडील हयात आहेत त्यांच्यासाठी: परवानाधारकाने सत्तरी गाठली किंवा बंदूक पंचवीस वर्षं वापरली, तर तो जिवंतपणीच वारसाच्या नावाने अर्ज करू देऊ शकतो. २०१६च्या शस्त्र नियमांत ही सोय आहे. आपल्याकडे ती कुणी वापरत नाही, कारण म्हाताऱ्याला बंदूक सोडवत नाही.

माझा परवाना आला, बंदूकही घेतली. शिकारीचा परवाना वेगळा काढावा लागतो असं ऐकलं. तो कुठल्या कार्यालयात मिळतो? (ब्रह्मपुरी)

कुठल्याच नाही. भारतात शिकारीचा परवाना नावाची चीज आज अस्तित्वात नाही. तुमच्या आजोबांच्या वेळी होती. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हाही त्यात छोट्या-मोठ्या शिकारीचे परवाने ठेवलेले होते. १९९१च्या दुरुस्तीत ते काढून टाकले. बुजुर्ग मंडळी 'आम्ही पास काढून तितर मारायचो' म्हणतात ते खोटं नाही, पण त्या पासाचं युग संपलं.

तुमच्या हातातला कागद फक्त बंदूक बाळगायचा आहे, जनावर मारायचा नाही. बहुतेक घोटाळे इथेच होतात. कायद्यात 'शिकार' म्हणजे फक्त ठार मारणंही नाही. फासा लावणं, विष घालणं, जखमी करणं, हाकारणं, आमिष टाकणं, सगळं शिकारीत धरलंय.

आता तुमचा खरा प्रश्न रानडुकरांचा असणार. २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३पासून लागू झाली, तिच्यानुसार रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे, म्हणजे संरक्षित. परवानगीशिवाय मारलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मात्र त्याच कायद्याच्या ११व्या कलमात वाट ठेवलेली आहे. जनावर माणसाला किंवा उभ्या पिकाला धोकादायक ठरलं, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी आदेश काढून, कारणं नोंदवून, ते मारायला परवानगी देऊ शकतो. शेतकऱ्याने जायचं ते वनक्षेत्रपालाच्या कार्यालयात. सातबारा, नुकसानीचे फोटो, आणि पंचनामा झाला असेल तर त्याची प्रत सोबत न्या. हातात लेखी आदेश येईपर्यंत चापावर बोट ठेवू नका. आदेशातली हद्द आणि मुदत नीट वाचा. बांधापलीकडे पळालेलं डुक्कर तुमच्या आदेशात बसत नाही.

आणखी एक, ज्यावरून गावात भांडणं होतात. आदेशानुसार मारलेलं जनावरही ३९व्या कलमाप्रमाणे सरकारची मालमत्ता. वाटे घालायचे नाहीत. आख्ख्या वाडीला वास गेल्यावर 'आम्हाला ठाऊक नव्हतं' हे उत्तर चालत नाही.

डुकरांसाठी कुंपणाला थेट घरातली वीज जोडणाऱ्यांनाही इथेच सांगतो. तिने पहाटे पाणी धरायला गेलेली माणसंही गाठलीत. सौरकुंपणाचा झटका क्षणिक असतो, तो वेगळा प्रकार. २३० व्होल्टची तार म्हणजे सरळ मनुष्यवधाचा गुन्हा अंगावर घेणं.

मी बंदूक कधी हातात धरलेली नाही. पहिल्या दिवशी नेमकं काय शिकू? (देवरुख)

पहिल्या दिवशी बार काढायचाच नाही. माझ्याकडे येणाऱ्याला मी पहिला तासभर फक्त बंदूक देतो-घेतो करायला लावतो. देणाऱ्याने नळी मोडून (म्हणजे बिजागरीवर खाली वाकवून उघडून), चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, रिकामं दाखवून द्यायची. घेणाऱ्याने, समोर आत्ताच दाखवलेलं असलं तरी, स्वतः पुन्हा बघायचं. त्या तासात पन्नास वेळा बघून झालं की एक्कावन्नाव्या वेळी हात आपसूक नळी मोडतो. ते झालं की पुढचं.

बंदूक कायम भरलेली आहे असं समजूनच वागायचं. तोंड माणसाकडे, घराकडे, वाटेकडे जाता कामा नये, रिकामी असली तरीही. बोट चापावर नको, चापाच्या कडीबाहेर सरळ ठेवायचं. आणि नेम धरलेल्या जनावराच्या मागे काय आहे ते दिसल्याशिवाय बार नाही.

शेवटच्या वाक्यावर थोडं थांबतो. रात्री मचाणावर बसलेला माणूस कान लावून बसतो. पाला सळसळला, काळं हललं, की हात शिवशिवतात. 'डुक्कर समजून' शेजाऱ्याला गोळी लागल्याच्या बातम्या कोकणातून आणि विदर्भातून दरवर्षी येतात. आवाजावर बार टाकायचा नाही. नुसत्या चमकत्या डोळ्यांवरही नाही. टॉर्चच्या उजेडात आख्खं जनावर, डोकं ते शेपूट, दिसलं पाहिजे आणि मागे दरड किंवा उंच बांध पाहिजे. बारा बोअरचा मोठा छर्रा नेमका लागतो तो चाळीस मीटरच्या आत, पण हवेत सुटला तर अर्धा किलोमीटरही जातो. तुमची वाडी किती लांब आहे ते मोजून बघा.

मचाणावर चढताना-उतरताना बंदूक रिकामी. दोरीने वर ओढायची तर दस्ता खाली नको, तोंड आपल्याकडे येतं. दस्ता वर ठेवून ओढताना खालच्या माणसाकडे तोंड नाही ना, तेही बघा. खरं तर खाली कुणी उभंच राहू नये.

दुकानदाराने विचारलं, पासष्टची हवीत की सत्तरची. मी म्हटलं, कुठलीही द्या. चूक झाली का? (सावंतवाडी)

मोठी. हे आकडे काडतुसाच्या लांबीचे आहेत, मिलिमीटरमध्ये, आणि ती लांबी बार झाल्यावर मोजलेली असते. न उडवलेलं काडतूस तोंडाशी दुमडलेलं असतं, त्यामुळे आखूड दिसतं. म्हणून सत्तरचं काडतूस पासष्टच्या चेंबरमध्ये अलगद बसतं आणि बंदूक बंदही होते. घोळ बार झाल्यावर होतो. दुमडलेलं तोंड उलगडायला जागाच उरत नाही, ते पुढच्या निमुळत्या भागात अडकतं, छर्रे चिंचोळ्या वाटेने जातात आणि दाब भलताच वाढतो. जुन्या, विशेषतः विलायती दुनळ्या बऱ्याचदा पासष्टच्या असतात. नळीच्या बुडाशी आकडा कोरलेला असतो, पुसट झाला असेल तर बंदूक दुरुस्ती करणाऱ्याकडून चेंबर मोजून घ्या. आपल्या खडकीच्या कारखान्यात दोन्ही लांबीची काडतुसं होतात, तेव्हा आपली कुठली हे माहीत करून घ्यायला सबब नाही.

वीस बोअरचं काडतूस घरात असेल तर बारा बोअरच्या डब्यात चुकूनही मिसळू नका. वीसचं बारीक असतं, ते बाराच्या चेंबरमधून पुढे सरकून नळीत अडकतं. नळी रिकामी वाटते, माणूस मागे बाराचं घालतो, आणि नळी फुटते ती डाव्या हातापाशी.

फुटण्याचं आमच्याकडचं दुसरं कारण कुंभारीण माशी. पावसाळाभर कोपऱ्यात उभी राहिलेली बंदूक, आणि माशीने नळीत मातीचं घरटं केलेलं. मी स्वतः एका नळीतून चिमूटभर नाही, चांगली मूठभर माती काढलीय. दसऱ्याला पूजेला काढाल तेव्हा नळीतून आभाळ गोल दिसतंय का, एवढं बघा.

ठासणीच्या (तोंडाकडून दारू ठासून भरायच्या) बंदुकीचा बार उशिरा झाला किंवा झालाच नाही तर काय करायचं? (राजापूर)

तोंड खाली न आणता, खांद्यावरून न काढता, दरडीकडेच धरून ठेवा. दारू ओलसर असली तर आत धुमसत राहते आणि थांबून पेटते. निदान दोन मिनिटं. मग नवी टोपी (दारूला ठिणगी देणारी) चढवून पुन्हा बघायचं. नळीच्या तोंडात वाकून बघणारे महाभाग आहेत, म्हणून हे सांगावं लागतं.

भरली आहे की नाही याचा संशय गजाने मिटवा. रिकाम्या नळीत गज पूर्ण बुडवून तोंडाशी एक खूण करा, भरलेल्या नळीत दुसरी. मग डबल भरण होत नाही. काडतुसातली धूरविरहित दारू ठासणीत कधीही घालायची नाही, ती काळ्या दारूपेक्षा फार जोरकस असते.

बार झाल्यावर त्याच दिवशी गरम पाण्याने धुवा, कोरडी करा, शिलाई मशिनचं तेल लावा. काळ्या दारूची काजळी हवेतला ओलावा ओढते आणि आठवड्यात गंज चढतो. खोबरेल नको, थंडीत थिजतं.

मी डॅलसजवळ राहतो, एच-१बी व्हिसावर आहे. ऑफिसातले मित्र हरणाच्या शिकारीला जातात. मला रायफल घेता येईल का? (टेक्सस)

इथे गंमत अशी, की आपल्याकडे परवाना बंदुकीचा असतो आणि शिकारीचा नसतो. तुमच्याकडे उलटं. त्यातही तुमच्या व्हिसामुळे क्रम पक्का ठरलेला आहे. अमेरिकेच्या संघराज्य कायद्यानुसार ग्रीन कार्ड नसलेल्या, तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा गोळ्या जवळ ठेवायला बंदी आहे. तिला अपवाद आहेत. त्यातला तुमच्या कामाचा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, मुदतीतला शिकारीचा परवाना. म्हणजे आधी शिकारीचा परवाना, मग बंदूक. मित्राची रायफल 'जरा धरून बघतो' म्हणणंसुद्धा त्याच क्रमाने.

टेक्ससमध्ये २ सप्टेंबर १९७१ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकारी प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम करावा लागतो. १७ वर्षं किंवा त्यावरच्यांना तो पूर्ण ऑनलाइन करता येतो. पण मी म्हणेन, प्रत्यक्ष वर्गाला जा. तिथे तुम्हाला कुणीतरी बंदूक हातात देऊन कुंपण ओलांडायला लावेल, ते पडद्यावर कळत नाही. मग परवाना काढा. टेक्ससचा वार्षिक परवाना ३१ ऑगस्टला संपतो. तुमच्यासाठी ही तारीख कॅलेंडरवर लाल शाईने. नूतनीकरण राहिलं तर १ सप्टेंबरला कपाटातली रायफल गुन्हा होऊन बसते, आणि अशा गुन्ह्यात व्हिसाही जातो. दुकानात ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरताना ही बाब विचारतात. खरं लिहा, परवाना सोबत ठेवा. खरेदीआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारायची फी मात्र वाचवू नका.

तुमच्याकडच्या रानटी डुकरांसाठी, खासगी जमिनीवर, मालकाच्या परवानगीने, २०१९पासून परवानाही लागत नाही. पण त्या सवलतीवर विसंबलात तर तुमच्या हाती परवानाच नसेल, आणि मग वरचा अपवादही नाही. म्हणून तुम्ही काढाच.

छऱ्याच्या एअरगनला परवाना लागत नाही ना? सोसायटीत कबुतरं फार झालीत. (पुणे)

४.५ मिलिमीटर बोअर आणि २० जूलपर्यंतच्या ताकदीच्या एअरगनला लागत नाही. पण ती कागदी निशाण्यासाठी घ्या. पाखरावर धरलीत तर वन्यजीव कायदा आहेच, शिवाय समोरच्या गॅलरीत कोण उभं आहे ते तुम्हाला दिसत नसतं. कबुतरांना जाळी लावा.

भावाच्या वरातीत दोन बार काढले तर? परवाना आहे. (बीड)

दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. २०१९पासून. परवाना जातो तो वेगळाच. फटाके लावा.

मिस्टर मुंबईला नोकरीला, परवाना त्यांचा, बंदूक इथे घरी. डुकरं आली की मी बार काढू का? (संगमेश्वर)

नको, ताई. परवाना त्यांच्या नावावर आहे, तुमच्या नाही. नुसत्या हवेत काढलेल्या बारानेही तुमच्यावर विनापरवाना शस्त्राचा गुन्हा लागू शकतो आणि त्यांचा परवाना रद्द होऊ शकतो. शेत तुम्ही बघता, तर अर्जही तुमच्याच नावाने करा. कायदा बाई-पुरुष बघत नाही. माझ्याकडे शिकून गेलेल्यांत ज्यांचा हात सर्वांत शांत होता, त्यांतल्या दोघी बायकाच होत्या.

तोवर फटाके, डबे, कुत्रा, आणि नुकसान झालं की वन विभागाकडे भरपाईचा अर्ज. मिस्टर गणपतीला येतील तेव्हा त्यांना सांगा, की महिनोन्‌महिने गावाला नसाल तर बंदूक शस्त्र विक्रेत्याकडे रीतसर ठेवून पावती घ्या. घरातच ठेवायची असेल तर एकनळी सुटी करून, नळी एका कुलपात, दस्ता दुसऱ्या, काडतुसं तिसऱ्या जागी, आणि चाव्या त्यांच्या खिशात मुंबईला.