जुन्या गाडीला ॲडजस्टेबल शॉक आणि कडक स्प्रिंगा बसवल्या आहेत. किती क्लिक ठेवू?

तुमचं वर्णन असं आहे: १९६० च्या दशकातली गाडी, पुढे कॉइल स्प्रिंग, मागे कमान पाटे. पुढच्या स्प्रिंगा मूळपेक्षा ३० टक्के कडक घेतल्या, चारही शॉक ॲब्सॉर्बर ॲडजस्टेबल बसवले, क्लिक-क्लिक करत कडकपणा बदलणारे त्यांचे नॉब मधोमध ठेवले. आता ओळीने बारीक खड्डे आले की दात वाजतात, वेगात नाक खाली-वर डुलतं आणि वळणावर गाडी कलते ती कलतेच.

क्लिकचा आकडा मी देणार नाही. माझ्या गाडीचे पाच क्लिक म्हणजे तुमच्या गाडीचे पाच नव्हेत. पण तुमच्या तीन तक्रारींचं मूळ तीन वेगळ्या ठिकाणी आहे, आणि माझ्या मते नॉबने खरी सुटणारी त्यातली एकच.

कलण्याचं आधी उरकतो. शॉक फक्त हालचाल चालू असतानाच जोर लावतो. गाडी लांब वळणात एकदा कलून स्थिरावली की शॉकला तिथे काही काम उरत नाही. किती कलायचं ते स्प्रिंगा आणि अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून कलणं रोखणारी दांडी) ठरवतात. शॉक कडक केला की कलायला जरा वेळ लागतो, म्हणून छोट्या वळणात फरक पडल्यासारखा वाटतो. लांब वळण घेऊन बघा, तेवढीच कलेल. तेव्हा हे दुखणं नॉबवर काढू नका.

नाक डुलण्यात मला पुढच्या स्प्रिंगांचा संशय येतो. खड्डा आधी पुढच्या चाकाला लागतो, मागच्याला क्षणभराने. मागची बाजू किंचित जलद हेलकावत असेल तर ती पुढचीला गाठते आणि गाडी सपाट राहून एकत्र वर-खाली होते. १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये मॉरिस ऑली यांनी हे प्रयोग करून दाखवलं आणि नंतरच्या गाड्या बहुतेक याच हिशोबाने बनल्या. हेलकाव्याचा वेग स्प्रिंगच्या कडकपणाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. म्हणजे तुमच्या ३० टक्क्यांनी पुढची बाजू साधारण १४ टक्के जलद झाली. समजा ती सेकंदाला १.२ हेलकाव्यांवरून १.३७ वर गेली आणि मागचे पाटे १.३ वरच राहिले. आता पुढचीच पुढे पळते, आणि गाडी लाकडी घोड्यासारखी झुलते. शॉक कडक करून हे दाबता येतं, पण तो दाबलेला घोडा सुखाचा नसतो. कमी कडक स्प्रिंगा, उदाहरणार्थ मूळपेक्षा १० टक्के, हा माझा सल्ला. स्प्रिंगवरचा आकडा जसाच्या तसा चाकाला लागू होत नाही हेही लक्षात असू द्या. स्प्रिंग चाक धरणाऱ्या आर्मच्या बरोबर मधोमध टेकत असेल, तर चाकापाशी तिचा कडकपणा पाव उरतो.

आता दात वाजण्याकडे येतो. इथे मी स्वतः तोंडावर आपटलोय.

माझ्या गाडीतही अगदी हेच व्हायचं. एक खड्डा आला तर गाडी छान पचवायची, चार-पाच ओळीने आले की शेवटचे दोन थेट कण्यात. मी ठरवून टाकलं, स्प्रिंगा कडक आहेत. मऊ स्प्रिंगा आणल्या, अख्खा रविवार घालवून बसवल्या, आणि गाडी आधीपेक्षा जास्त आपटायला लागली. कारण कळायला महिना गेला.

शॉकच्या दांडीवर एक प्लॅस्टिकची केबल टाय घट्ट बसवा. शॉक दाबला गेला की ती सरकत जाते आणि सगळ्यात खोल दाब कुठवर गेला ते दाखवते. मी एकाच गतिरोधकावरून गेलो, टाय ४० मिमी सरकली. ती जागेवर आणून त्याच उंचीचे पाच गतिरोधक ओळीने घेतले, तर ६५ मिमी, जवळजवळ बंपस्टॉपला, म्हणजे हालचालीच्या टोकाच्या रबरी ठोकळ्याला, टेकलेली. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. रिबाउंड, म्हणजे दाबलेला शॉक परत लांब होतानाचा अडथळा, इतका कडक होता की पहिल्या दणक्यानंतर चाकाला परत खाली यायला वेळच मिळत नव्हता. प्रत्येक खड्ड्याला गाडी थोडी थोडी खाली बसत गेली आणि शेवटी रबरावर आदळली. मऊ स्प्रिंगेत चाकाला खाली ढकलायचा जोर आणखी कमी, म्हणून प्रकरण चिघळलं. कडक रिबाउंड अंगाला अगदी कडक स्प्रिंगेसारखा जाणवतो, आणि हे ओळखायला शिकायचा केबल टायपेक्षा स्वस्त मार्ग मला माहीत नाही. मूळ स्प्रिंगा परत चढवल्या, रिबाउंड चार क्लिक सैल केला, दात वाजायचे थांबले.

तुम्हीही आधी हीच चाचणी करा. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले तर मात्र बंपच्या बाजूचा (शॉक दाबला जातानाचा) कडकपणा, टायरमधली जास्त हवा किंवा बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांमधली रबरं) यांच्याकडे बघा. बुशचं एक सांगतो, कारण फार जण चुकतात: सस्पेन्शनच्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत असताना आवळले, तर गाडी खाली उतरवल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं. गाडी कडक वाटते, उंची चुकते, रबरही लवकर फाटतं. सगळे बोल्ट सैल करून, गाडी चारही चाकांवर उभी असताना पुन्हा आवळा. कितीतरी ‘कडक शॉक’ एवढ्यानेच बरे होतात.

तुमचा नॉब नेमकं काय फिरवतो तेही तपासा. काहींत एकच नॉब बंप आणि रिबाउंड दोन्ही एकत्र बदलतो, काहींत मुख्यतः रिबाउंडच. कोनी कंपनीचे जुन्या गाड्यांचे लाल शॉक तर बरेचदा गाडीवरून काढून, पूर्ण दाबून, दांडी फिरवून जुळवावे लागतात आणि त्यात रिबाउंडच बदलतो. हे न कळता फिरवत बसलात तर अंधारात तीर.

जुळवताना नॉब हलक्या हाताने पूर्ण कडक टोकाला न्या (बहुतेकांत घड्याळाच्या दिशेने) आणि तिथून मागे मोजा. मऊ टोक बऱ्याचदा नेमकं नसतं, कडक टोक असतं. मग सगळे पूर्ण मऊ करून निघा. गाडी बोटीसारखी डुलेल, ती डुलू द्या. एकाच रस्त्यावर, एकाच वेगात, टायरमधली हवा तीच ठेवून, दर फेरीला एका ॲक्सलच्या दोन्ही बाजूंचे दोन-दोन क्लिक वाढवा. उंचवट्यावरून उतरल्यावर गाडी एकदा वर येऊन लगेच स्थिरावली की थांबा. त्याहून एक क्लिकही पुढे नको. लोक ‘जरा स्पोर्टी’ म्हणून आणखी दोन वाढवतात आणि खडबडीत वळणावर चाक जमीन सोडतं. हे मीही केलंय, पण तो किस्सा लाजेपोटी टाळतो.

मागे पाट्यांच्या थरांमधलं घर्षणही गाडी आवरायला हातभार लावतं, त्यामुळे तिथे शॉक बहुधा पुढच्यापेक्षा सैलच पुरेल. आणि चाचणीआधी पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवा. थंड तेल दाट असतं, सकाळी केलेली जुळणी दुपारी वेगळी लागते.

कडक स्प्रिंगेमुळे शॉकला किती जास्त आवर लागेल? वजन तेच असेल तर तोही वर्गमुळानेच वाढतो, म्हणजे तुमच्या ३० टक्क्यांना सुमारे १४ टक्के. मधोमध ठेवलेला नॉब त्याच्या कितीतरी पुढे असू शकतो.

नव्या स्प्रिंगा थोड्या बसतात. म्हणून दोनेक आठवडे गाडी फिरल्यावर चारही चाकांच्या कमानीची उंची पुन्हा मोजा. ती बदलली असेल तर आधी टो (चाकं समोरून किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते) तपासून घ्या, नंतर हेडलाइटचा झोत, आणि मगच क्लिकला हात लावा.